बुलडॉगच्या घड्या कोरड्या ठेवताना: माझा अनुभव

सोलापूरची हवा कोरडी, पाऊस बेताचा, मग इथल्या बुलडॉगला ओलीमुळे कातडीचे आजार का व्हावेत? हवा कोरडी असली तरी घडीत ओल राहतेच. नाकावरच्या घडीत डोळ्यांचं पाणी उतरतं, ओठांच्या घडीत लाळ साचते, पाणी प्यायल्यावर हनुवटी भिजते. त्यात एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर गेला की कुत्रं दिवसभर कूलरसमोर पसरलेलं असतं. कूलरचा वारा दमट, अंगाखालचं पोतं ओलं, आणि पोटाखालची, जांघेतली कातडी तासन्‌तास ओलसर. म्हणून आमच्याकडे त्रासाचा हंगाम पावसाळा नसून उन्हाळा आहे. कूलर बंद करता येत नाही, कारण आखूड नाकाच्या या जातीला उष्माघात लवकर होतो. कूलर जमिनीपासून उंच ठेवायचा, समोरची खिडकी उघडी ठेवायची आणि अंगाखाली पोत्याऐवजी लवकर वाळणारी सुती चादर टाकायची, एवढं मी करतो.

आधी मलमाचं बोलू, कारण बहुतेकांचं तिथेच बिघडतं. मेडिकलमध्ये जाऊन "कुत्र्याला खाज आहे, काहीतरी लावायला द्या की ओ" म्हटलं की माणसांच्या गजकर्णाची ट्यूब हातात पडते. तिच्यावरचे घटक वाचा: क्लोबेटासॉलसारखं जोरदार स्टिरॉइड, एक अँटिबायोटिक, एक बुरशीनाशक. दोन-तीन दिवसांत लाली उतरते आणि औषध लागू पडलं असं वाटतं. ते स्टिरॉइडचं काम असतं. लावणं थांबलं की त्रास दुपटीने परततो, कातडी पातळ होते, चाटून औषध पोटात जातं, आणि आत डेमोडेक्सचे (कातडीत राहणारे अतिसूक्ष्म) किडे असतील तर त्यांना रान मोकळं मिळतं. म्हणून माझा नियम साधा आहे: नमुना काचेवर गेल्याशिवाय ट्यूब उघडायची नाही.

दवाखान्यात जाण्याआधी दोन-तीन दिवस अंघोळ, पुसणं, मलम सगळं बंद ठेवतो. धुऊन नेलेल्या कातडीतून काही सापडत नाही. तिथे दोन तपासण्या आवर्जून मागाव्यात. एक, पारदर्शक टेप किंवा कापूसकाडी घडीत फिरवून काचपट्टीवर घेतलेला नमुना. तो रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की मॅलासेझिया यीस्ट (कातडीवर वाढणारी एक बुरशी) भुईमुगाच्या शेंगेसारखी मध्ये चेपलेली दिसते, आणि जिवाणू गोल ठिपक्यांचे. दुसरी, खोल खरवड. तेल लावलेल्या बोथट ब्लेडने कातडी चिमटीत दाबून, किंचित रक्त झिरपेपर्यंत खरवडतात. डेमोडेक्स केसांच्या मुळाशी राहतो, त्यामुळे वरवर खरवडून तो सापडत नाही. डोळ्यांभोवती किंवा पंजांवर खरवडता येत नसेल तर काही केस मुळासकट उपटून तपासतात. पहिल्याच भेटीत एवढं झालं तर पुढचा अर्धा घोळ टळतो. गोल चट्टा असेल आणि घरातल्या माणसांनाही उठला असेल, तर गजकर्णाची तपासणी वेगळी करून घ्या.

नाकावरची घडी रोज रात्री, शेवटचं जेवण झाल्यावर साफ करतो. अर्धा लिटर पाणी उकळून गार करायचं, त्यात पाऊण चहाचा चमचा मीठ. हे साधारण ०.९ टक्के सलाइन होतं. रोज ताजं करायचं. गॉज बोटाला गुंडाळून त्यात भिजवायचं, पिळायचं, एका हाताने घडी वर उचलायची आणि तळापर्यंत एकाच दिशेने पुसायचं. साधा कापूस नको, त्याचे धागे आत राहतात आणि तेच कुजतात. मग कोरड्या गॉजने पुन्हा पुसायचं, आणि शेवटी घडी उघडी धरून मिनिटभर वाळू द्यायची. हा शेवटचा मिनिट सगळे गाळतात. ओल्या गॉजने पुसून घडी मिटली की आपणच ओल आत कोंडतो, आणि रोज साफ करूनही वास का येतो म्हणून कपाळाला हात लावतो.

बोटाला काय लागतं ते पाहावं. तपकिरी, मेणचट, आंबूस वासाचा मळ असेल तर बहुधा यीस्ट. पिवळा स्राव, लालबुंद सोललेली कातडी आणि हात लावल्यावर झटका देणं म्हणजे जिवाणू. अशा वेळी डॉक्टरांनी दिलेले क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचे ओले रुमाल (वाइप्स) वापरतो, पण डोळ्याच्या बाजूने अर्धा इंच सोडून. क्लोरहेक्सिडिन डोळ्यात गेलं तर बुबुळाला इजा होते. शस्त्रक्रियेआधी हात धुण्याचं फेसाळ क्लोरहेक्सिडिन किंवा सेट्रिमाइड मिसळलेलं जखमेचं औषध घडीत घालू नये. स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइडही नको.

घरगुती उपायांबद्दल दोन शब्द. खोबरेल तेल घडीत ओल धरून ठेवतं आणि यीस्टला चरबी आवडते. टाल्कम पावडरचे गोळे होतात, आणि नाकाजवळ ती श्वासात जाते. लहान मुलांच्या लंगोटाच्या पुरळावरचं झिंक ऑक्साइडचं मलम नाकावर लावलं की कुत्रं जिभेने साफ करतं, आणि झिंक पोटात जाणं विषारी आहे. टी ट्री तेलही विषारीच. घडी पूर्ण कोरडी आणि कातडी सलग असेल तर पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ हात चालतो. संसर्गावर मात्र तो कधीच नाही.

शेपटीखालचा खळगा अनेकांना ठाऊकच नसतो. वळलेल्या आखूड शेपटीच्या मुळाशी, खालच्या बाजूला, बोट जाईल एवढी खोबण असते. कुत्रं बूड घासतंय, भिंतीला पाठ रगडतंय, की आपण जंत किंवा गुदग्रंथी म्हणतो आणि जंताचं औषध देऊन मोकळे होतो. हातमोजा घालून, गॉज गुंडाळलेलं बोट मुळाखालून आत सरकवा. काळपट, दुर्गंधी मळ निघाला तर कारण सापडलं. आठवड्यातून २ वेळा तरी ही जागा साफ आणि कोरडी करावी लागते. खळगा इतका खोल असेल की बोट तळाला पोचत नाही आणि संसर्ग सारखा परततो, तर शेपटी मुळातून काढण्याची शस्त्रक्रिया करतात. गुदद्वाराच्या इतक्या जवळचं काम आणि आखूड नाकाच्या कुत्र्याला भूल, अशी दुहेरी जोखीम असल्याने या जातीची सवय असलेला सर्जनच गाठावा.

पंजे हा सगळ्यात चिवट भाग. बुलडॉगच्या बोटांमधले केस आखूड आणि राठ. वजनदार शरीराखाली ते उलटे मुळात दाबले जातात, मूळ आतल्या आत फुटतं, आणि केसाच्या कणाला शरीर परकं समजून सुजतं. बेचक्यात लालजांभळी गाठ येते, फुटते, रक्ताळ पू येतो. तिला गळू समजून पिळू नये. पिळल्याने आतला कचरा आणखी खोल जातो. वजन जास्त असेल तर ते आधी उतरवा, नाहीतर बाकी सगळं वाया. फिरायला सूर्योदयाच्या सुमारास किंवा रात्री उशिरा. सिमेंटवर हाताचा पंजा उलटा ठेवून ७ सेकंद ठेववत नसेल, तर त्यावरून कुत्र्याला चालवायचं नाही. जुळे सोलापूरच्या रिकाम्या प्लॉटवरची खडी आणि कुसळंही टाळतो. घरी आल्यावर पंजे धुऊन प्रत्येक बेचकं वेगळं पुसायचं, आणि तेव्हाच हात फिरवून नवीन गाठ आहे का पाहायचं.

खोल संसर्गाला गोळ्या लागतात आणि तिथे ५ दिवसांचा कोर्स पुरत नाही. साधारण ३ आठवड्यांनी पुन्हा दाखवायचं, आणि पुढे किती दिवस हे त्यावर ठरतं. वरून बरं दिसलं म्हणून गोळ्या मध्येच बंद केल्या तर उरलेले जिवाणू अधिक चिवट होऊन येतात. वजन अंदाजाने सांगू नका, काट्यावर करा: सेफॅलेक्सिन हे अँटिबायोटिक किलोमागे २२ मिलिग्रॅम धरलं तर २४ किलोच्या कुत्र्याला एका वेळी ५०० च्या आसपास लागतं, तेही दिवसातून २ वेळा. २५० ची एक कॅप्सूल म्हणजे निम्मा डोस. आधी एक-दोन अँटिबायोटिक होऊन गेली असतील तर पुवाचा कल्चर (त्यातले जिवाणू वाढवून पाहणं) आणि कोणतं औषध लागू पडतं याचा अहवाल आल्याशिवाय तिसरं सुरू करण्यात अर्थ नाही.

अंघोळीचं गणित आमच्याकडे नळाला पाणी सुटण्यावर बसवावं लागतं. चार-पाच दिवसांनी पाणी आलं की त्यातल्या २ बादल्या कुत्र्याच्या. बोअरचं पाणी जड. त्यात फेस नीट होत नाही आणि थर कातडीवर राहतो, म्हणून निदान शेवटचं धुणं तरी नळाच्या पाण्याने. संसर्ग असताना २ टक्के क्लोरहेक्सिडिन आणि २ टक्के मायकोनाझोलचा शाम्पू आठवड्यातून २ वेळा लागतो. पाणी एवढं नसेल तर दुसऱ्या वेळी फक्त पंजे, पोट आणि जांघा धुतो. आधी अंग पूर्ण भिजवायचं, सगळ्यात खराब भागापासून शाम्पू लावायला सुरुवात करायची, आणि घड्याळ लावून १० मिनिटं तसंच ठेवायचं. बहुतेकांचा शाम्पू दुसऱ्याच मिनिटाला वाहून जातो, मग "या शाम्पूने काही होत नाही" हा निष्कर्ष. माणसांचा साबण किंवा शाम्पू वापरू नये. कुत्र्याच्या कातडीचा सामू वेगळा असतो.

वाळवण्यासाठी मात्र आपलं गाव अगदी सोयीचं. इथला टेरी टॉवेल पाणी चटकन शोषतो. एक मोठा अंगाला, आणि घड्यांसाठी लहान नॅपकिन चार-पाच, कारण एका घडीत फिरवलेला नॅपकिन दुसऱ्या घडीत न्यायचा नाही. वापरून झाले की गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात टाकायचे. गरम हवेचा ड्रायर बुलडॉगला धाप लावतो, गार हवेचा चालतो.

हे सगळं नीट करूनही दर दीड-दोन महिन्यांनी खाज, पंजे चाटणं, कान लाल होणं परतत असेल तर खाली अ‍ॅलर्जी आहे असं धरून चालावं. पहिल्यांदा पिसवा बाद करायच्या. फ्लुरालानरची गोळी साधारण १२ आठवडे पुरते, अफोक्सोलानरची महिनाभर. याच गटाची औषधं डेमोडेक्सवरही चालतात. कुत्र्याला आधी फेफरं आलं असेल तर हे डॉक्टरांना आधी सांगा.

मग आहाराची चाचणी, निदान ८ आठवडे. कुत्र्याने आजवर न खाल्लेलं एक प्रथिन आणि एक पिष्ट, बस. चिकन, दूध आणि गहू बहुतेकांनी आधीच खाल्लेलं असतं, आणि अ‍ॅलर्जी बऱ्याचदा त्यांचीच असते. इथे उजनी धरणातली चिलापी मासळी सहज मिळते. ती उकडून, काटे बोटाने चाचपून काढून, रताळ्याबरोबर देता येते. भाकरी आधी खात असेल तर ज्वारीही या काळात बाद. पूर्ण वाढ झालेल्या कुत्र्याला एवढे आठवडे हा आहार चालतो, पिल्लाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. चाचणी फसते ती घरातल्या माणसांमुळे: आजी चहात बुडवलेलं बिस्कीट देते, मुलं पोळीचा तुकडा टाकतात, शेजारी लाडाने भाकरीला शेंगाची चटणी लावून देतात. त्या चटणीतला लसूण कुत्र्याला मुळातच विषारी. मांसाची चव लावलेल्या औषधाच्या गोळ्याही चाचणी बिघडवतात. खाज कमी झाली तर जुना आहार परत देऊन पाहायचा; २ आठवड्यांच्या आत खाज उठली तरच दोष अन्नाचा. ही पायरी कोणालाच आवडत नाही, पण तिच्याशिवाय पुरावा नाही.

अन्न निर्दोष निघालं तर हवेतल्या परागांची, धुळीतल्या किड्यांची अ‍ॅलर्जी उरते. ती बरी होत नाही, आटोक्यात ठेवायची असते. ओक्लॅसिटिनिबसारख्या गोळ्यांनी खाज लवकर थांबते, पण वर्षाच्या आतल्या कुत्र्याला त्या देत नाहीत, आणि सुरू करण्याआधी खरवडीत डेमोडेक्स नाही ना हे पाहून घ्यावं.

पिल्लांमधल्या डेमोडेक्सचं फार भय नको. तोंडाभोवती, डोळ्यांभोवती केस गेलेले दोन-चार चट्टे, खाज फारशी नाही, असं असेल तर पुष्कळदा ते वाढत्या वयात आपोआप जातं. पसरलेला असेल तर उपचार महिनोन्‌महिने चालतो, आणि महिन्याच्या अंतराने घेतलेल्या २ खरवडी स्वच्छ येईपर्यंत थांबवायचा नाही. अशा कुत्र्यापासून पिल्लं घेऊ नयेत.

हनुवटीवरच्या पुळ्या फोडू नका, प्लास्टिकच्या वाडग्याऐवजी स्टीलचा ठेवा, आणि प्यायल्यावर तोंड पुसा.

एका गोष्टीत थांबून चालत नाही: डोळा मिटून धरणं, पाणी वाहणं, बुबुळावर निळसर डाग. घडीवरचे केस किंवा आत वळलेली पापणी बुबुळावर घासून जखम होते. त्याच दिवशी दाखवा, आणि घरातले स्टिरॉइडचे थेंब घालू नका.

त्वचेसाठी किंवा शस्त्रक्रियेसाठी पुण्याला न्यायची वेळ आली तर अंतर सुमारे २५० किलोमीटर. उन्हाळ्यात पहाटे उजाडायच्या आत निघावं, गाडीत एसी आधीच चालू ठेवावा, पोट हलकं असावं. बरोबर आधीच्या काचपट्ट्या, कल्चरचा अहवाल आणि औषधांची तारीखवार यादी न्या. शेवटचं स्टिरॉइड कधी दिलं हे विचारतातच, कारण त्याने अ‍ॅलर्जीच्या तपासण्या चुकतात. वापरलेल्या मलमांच्या रिकाम्या ट्यूबही पिशवीत टाका. नाव लक्षात राहिलं नाही तरी घटक त्यावर छापलेले असतात.