आमची वाटचाल : कॅमेरा जिथे होता तिथेच

युद्धातला जुना फोटो घ्यायचा, त्याच जागी जाऊन आजचा फोटो काढायचा आणि दोन्ही एकमेकांत मिसळायचे. एका कडेला तेव्हाचे सैनिक, दुसऱ्या कडेला आजची रहदारी, आणि मधला रस्ता दोघांचा एकच. नागपुरात हे काम पहिल्यांदा आमच्या दुकानाने हाती घेतलं. हे ठासून लिहावं लागतं, कारण गेली काही वर्षं त्याचं श्रेय भलत्याच माणसाला मिळतंय.

वडिलांचा स्टुडिओ महालात. पासपोर्ट, मुंजी, लग्नं, शाळांचे ग्रुप फोटो. मे महिन्यात नळाचं पाणीच इतकं तापलेलं असायचं की डेव्हलपर 20 अंशांवर ठेवायला ट्रेखाली बर्फाची लादी लागायची. जरा दुर्लक्ष झालं की निगेटिव्हवरचा थर मऊ पडून कडेने सुटायला लागायचा. माझं अर्धं शिक्षण त्या डार्करूममध्ये झालं. पुढे रोल गेले, मिनी लॅब आल्या, छापील पानांचे करिझ्मा अल्बम आले. ते सगळ्यांच्याच दुकानात झालं, आमच्याही झालं.

वडिलांच्या मागे माझ्याकडे एक वस्तू राहिली, ती मात्र सगळ्यांकडे नव्हती. लाकडी फील्ड कॅमेरा, पितळी काठाची लेन्स, चामड्याचा भाता आणि मागे घासलेली काच. भंगारवाला दोनदा विचारून गेला होता. आमच्या या धंद्याचा पाया तो कॅमेरा आहे, आणि दुसरा पाया म्हणजे मास्तर.

मास्तर हे माझे पहिले भागीदार. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी पैसा कमी घातला, पण डोकं पूर्ण घातलं. दुसऱ्या महायुद्धातल्या लेनिनग्राडच्या वेढ्याचे फोटो आजच्या सेंट पीटर्सबर्गच्या रस्त्यांत मिसळलेले मी त्यांना संगणकावर दाखवले. सर्गेई लारेंकोव्ह या रशियन फोटोग्राफरचं ते काम पाहून लोक "वा" म्हणतात. मास्तर चष्मा वर करून म्हणाले, "हा माणूस बरोब्बर जागी उभा राहिला आहे. बाकी मग सोपं आहे." त्या दिवसापासून आमचं सगळं काम या एका गोष्टीवर चाललं आहे.

कॅमेरा कुठे उभा आहे यावर जवळची आणि लांबची वस्तू एकमेकींना कुठे छेदतात हे ठरतं. पाऊलभर डावीकडे सरका, दरवाजाची कड मागच्या भिंतीवरून लगेच सरकते. लेन्स बदलून चौकट लहानमोठी होईल, पण सरकलेली कड परत येणार नाही. फोटोशॉपमध्ये कितीही ताणा, येणार नाही. म्हणून आधी जागा, मग उंची, मग लेन्स, आणि सगळ्यात शेवटी संगणक. मास्तर जुन्या फोटोतल्या मुख्य रेषा पारदर्शक शीटवर बारीक पेनाने उतरवायचे आणि ती शीट घासलेल्या काचेवर उलटी चिकटवायचे, कारण काचेवर चित्र उलटंच, डोकं खाली पाय वर, पडतं. मग काळ्या कापडाखाली डोकं घालून मी तिपाई सरकवत राहायचो. रेषेवर रेष बसली की मास्तरांना हाक मारायची. ते स्वतः बघून मान हलवत नाहीत तोवर शटर दाबायचं नाही, असा नियम होता.

पहिलं मोठं काम लखनौचं. रेसिडेन्सीच्या, म्हणजे तिथल्या इंग्रज वसाहतीच्या वेढ्यात, 1857 साली, बेली गारद दरवाजाची चाळण झाली होती. 1858 मध्ये फेलिचे बिआतो हा फोटोग्राफर तिथे मोठा कॅमेरा घेऊन पोहोचला आणि त्याने त्या दरवाजाचा फोटो काढला. दरवाजा आजही उभा आहे, गोळ्यांच्या खुणांसकट. आम्हाला रेषा शोधाव्याच लागल्या नाहीत, खड्ड्यावर खड्डा बसवला. त्या काळची कोलोडियनची काच, म्हणजे रसायनाचा थर दिलेली काचेची निगेटिव्ह, फक्त निळ्या उजेडाला दाद द्यायची, त्यामुळे जुन्या फोटोत आभाळ कोरं पांढरं येतं. तिथे आजचं आभाळ घ्यायचं आणि सांधा भिंतीच्या वरच्या कडेवरून न्यायचा. सांधा नेहमी विटेच्या, चौकटीच्या, छपराच्या रेषेवरून न्यावा. माणसाच्या चेहऱ्यातून कधीही नेऊ नये. नवीन मुलं मऊ ब्रश घेऊन चेहऱ्यावरूनच फिरवतात, म्हणून सांगतो.

बिआतोचाच सिकंदरबागेतला फोटो आहे, पुढ्यात हाडं विखुरलेली. ती फोटोसाठी मागाहून मांडली असावीत असं अभ्यासक म्हणतात. तो फोटो आम्ही मिसळायला घेतला नाही आणि घेणारही नाही. मेलेल्या माणसाच्या शेजारी आजचा हसरा पर्यटक उभा करायचा नाही, हा दुकानाचा दुसरा नियम आहे.

तिसरा नियम खास नागपूरकरांसाठी. दर नोव्हेंबरात कोणीतरी येऊन म्हणतं, सीताबर्डीच्या लढाईचा फोटो आजच्या बर्डीत बसवून द्या. ती लढाई 26 आणि 27 नोव्हेंबर 1817 ची. फोटोग्राफी जगासमोर आली 1839 मध्ये. नसलेला फोटो आणायचा कुठून? किल्ल्याचे नंतरच्या काळातले फोटो आहेत, ते घेऊन आम्ही करतो आणि खाली तसं लिहितो. गिऱ्हाईक नाराज होऊन गेलं तरी चालतं. शहरात एकाने चित्रावरून तसलं काहीतरी बनवून विकलं, त्याच्याविषयी पुढे येईलच.

आता सुभेदारसाहेब. कामठीला राहणारे निवृत्त गृहस्थ. लखनौचं काम भिंतीवर पाहून आत आले आणि म्हणाले, "नागालँडातल्या कोहिमाचं करता का?" त्यांचे वडील दुसऱ्या महायुद्धात सैन्याच्या ट्रकवर ड्रायव्हर होते, दिमापूर ते कोहिमा रस्त्यावर. घरी त्यांचा एकही फोटो नाही. साहेबांनी 1944 मधल्या त्या रस्त्याचा, चिखलातून चढणाऱ्या ट्रकांचा एक फोटो कुठूनतरी मिळवला होता. पहिल्या ट्रकच्या चाकावर बोट ठेवून म्हणाले, "भाऊ, हा ट्रक माह्या बापाचा नसन. पण रस्ता तर तोच हाये ना?" आणि खिशातलं पाकीट काउंटरवर ठेवलं, पूर्ण पैसे आगाऊ. तेव्हापासून दर वर्षी एक काम, दर वर्षी तसंच पाकीट. आमच्या पडत्या काळात त्यांनी ते एकदाही चुकवलं नाही.

कोहिमाची लढाई 4 एप्रिल ते 22 जून 1944. डेप्युटी कमिशनरच्या बंगल्याच्या टेनिस कोर्टावर ब्रिटिश-भारतीय आणि जपानी सैन्यं कोर्टाच्या रुंदीइतक्या अंतरावरून लढली. बंगला राहिला नाही. आता तिथे युद्धस्मशान आहे, 1,420 कबरी, आणि ज्यांना अग्नी दिला त्या 917 हिंदू आणि शीख सैनिकांचं स्मारक. टेनिस कोर्टाच्या रेषा काँक्रीटमध्ये आखून जपल्या आहेत. जुन्या फोटोत झाडांचे नुसते बुंधे आहेत, आज पायऱ्यापायऱ्यांवर गुलाब. जवळची एकही वस्तू तीच नाही, तर जागा ठरवायची कशी? मास्तरांनी मागच्या डोंगरांची रांग आणि रस्त्याचं वळण या दोनच रेषा शीटवर घेतल्या. नागालँडात जायला लागणारं इनर लाइन परमिट काढून आम्ही 2013 च्या पावसाळ्यात गेलो, आणि मुद्दाम पावसाळ्यातच. मिसळायला घेतलेले जुने फोटो जूनमधले, ढगाळ उजेडाचे, सावल्या नसलेले. जूनमध्ये तिथे दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. डिसेंबरात तोच सूर्य दक्षिणेकडून तिरपा येतो आणि सगळ्या वस्तूंना लांब सावल्या पडतात. डिसेंबरातला रस्ता आणि जूनमधले सैनिक एका चौकटीत नांदत नाहीत.

ब्रिटिश सैन्याच्या छायाचित्र पथकाकडे तेव्हा सुपर आयकॉन्टा हे घडीचे कॅमेरे असायचे, 6 × 6 सेंटिमीटरची निगेटिव्ह, 80 मिलिमीटरची लेन्स. आजच्या फुल फ्रेम कॅमेऱ्यावर, म्हणजे 35 मिलिमीटर फिल्मएवढ्या सेन्सरवर, ते 44 मिलिमीटरच्या आसपास बसतं. म्हणजे 50 ची लेन्स किंचित अरुंद पडते. 35 लावा आणि कडा कापा. लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमकडून मोठा स्कॅन मागवा, फोटोच्या मागे लिहिलेली ओळ आणि नंबर वाचा. 1957 च्या आधीच्या ब्रिटिश सरकारी फोटोंवरचा क्राउन कॉपीराइट संपलेला आहे, पण चांगल्या स्कॅनचे पैसे द्यावे लागतात, ते द्यावेत. इंटरनेटवरून उतरवलेला फोटो चार फुटांइतका मोठा केला की चेहऱ्याच्या जागी ठिपके उरतात.

त्या वेळी इथल्या एका कचेरीला कोहिमाच्या 70 वर्षांनिमित्त 2014 मध्ये प्रदर्शन भरवायचं होतं. नमुने द्या असं पत्र आलं. आम्ही नमुने दिले, सोबत मास्तरांनी लिहिलेल्या मराठी ओळी दिल्या, पोचपावती घेतली. मोठे पॅनेल तयार ठेवा असं कचेरीतल्या साहेबांनी समोर बसवून सांगितलं, चहा पाजून सांगितलं. आम्ही प्रिंट काढले, सनबोर्डवर चढवले, फ्रेमवाल्याकडून चौकटी करून घेतल्या, सगळं उधारीवर. प्रवासाचा खर्च आधीच अंगावर होता.

उद्घाटनाला गेलो तर भिंतीवर दुसऱ्याचं काम. शहरातलाच एक फ्लेक्सवाला, भाव आमच्या निम्म्याहून कमी. फोटो इंटरनेटवरचे. ट्रकची चाकं रस्त्याच्या वितभर वर तरंगत होती. सैनिक मागच्या दरवाजापेक्षा उंच. रस्त्यावर डिसेंबरातल्या पर्यटकांच्या लांब सावल्या आणि सैनिकांना सावलीच नाही. टेनिस कोर्ट म्हणून लावलेल्या फोटोत मागची डोंगररांगच नव्हती. आणि प्रत्येक चित्राखाली मास्तरांच्या ओळी, स्वल्पविरामासकट. मास्तर एकेका पॅनेलसमोर उभे राहून आपली ओळ वाचत गेले. काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पेपरात त्या माणसाचा फोटो आला, "विदर्भातला पहिला प्रयोग" असा मथळा. बर्डीच्या लढाईचा "फोटो" विकणारा तो हाच.

मी कचेरीत गेलो. साहेब बदलून गेले होते. नव्या साहेबांनी लेखी आदेश मागितला. माझ्याकडे नमुन्यांचं पत्र आणि पोचपावती होती, पॅनेलचा शब्द फक्त तोंडी होता. चकरा मारल्या, अर्ज दिले. फाइल वर आहे, फाइल खाली आली, फाइल सापडत नाही. तोवर लॅबवाला दारात, फ्रेमवाला दारात. दुकानाचा पुढचा अर्धा भाग मोबाइल रिचार्जवाल्याला भाड्याने दिला. मोठा स्कॅनर विकला. लग्नसराईत मी दुसऱ्यांच्या हाताखाली रोजावर शूटिंगला गेलो, ज्यांना मी कॅमेरा धरायला शिकवला होता त्यांच्याही. लाकडी कॅमेऱ्याला गिऱ्हाईक आलं होतं. आमच्या सौ.ने तो आतल्या खोलीत नेऊन कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली मला दिली नाही.

सुभेदारसाहेबांना हे कळलं ते पाकीट द्यायला आले तेव्हा. ओळीने ठेवलेले पॅनेल त्यांनी एकेक करून उजेडात आणून पाहिले. पुढच्या रविवारी कामठीहून एक टेम्पो आला. साहेबांनी निवृत्त सैनिकांच्या मेळाव्यात ते सगळे पॅनेल मांडले, स्वतः प्रत्येकासमोर उभं राहून माहिती दिली. त्या एका दिवसात जी कामं मिळाली त्यावर आम्ही उधारी फेडायला लागलो. कोणाचे आजोबा इटलीत होते, कोणाचे वडील 1971 च्या लढाईत. इटलीतलं मॉन्टोने हे गाव नकाशावर मी तेव्हा पहिल्यांदा शोधलं. त्याच भागात, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, भारतीय सैन्यातले नाईक यशवंत घाडगे यांना 10 जुलै 1944 रोजी वीरमरण आलं, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्य पुरस्कार मिळाला. 2023 मध्ये मॉन्टोनेत त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभं राहिलं.

परदेशातल्या जागी आम्हाला जाता येत नाही. तिथे राहणाऱ्या नातेवाइकांना आम्ही शीटची फाइल पाठवतो आणि व्हिडिओ कॉलवर पावलापावलाने सरकवतो. "थोडं डावीकडे, आता खाली बसा" असं रात्री उशिरापर्यंत चालतं. लोक कंटाळतात, पण रेष जुळल्यावर स्वतःच ओरडतात.

या धंद्यात येणाऱ्यांना दोन शब्द. तोंडी ऑर्डरवर एक चौकटही करू नका. नमुना देताना लहान द्या, त्यावर नाव आडवं टाका आणि लिहिलेला मजकूर शेवटचा हप्ता मिळाल्याशिवाय सोडू नका. जुन्या फोटोला रंग भरू नका, काळा-पांढरा तसाच राहू द्या, नाहीतर कुठला काळ कुठे संपला हे बघणाऱ्याला कळत नाही. आजच्या भागात जुन्या फोटोच्या दाण्याइतका दाणा, म्हणजे फिल्मवरचे बारीक ठिपके, घाला, पण सांध्याजवळच. आणि घरच्या म्हाताऱ्या माणसांना आताच विचारून घ्या, ती कुठल्या रस्त्याने गेली होती.

मास्तर आता नाहीत. त्यांच्या सगळ्या शीट मी नंबर घालून फाइलमध्ये लावल्या आहेत. मुलगी त्याच पद्धतीने काम शिकली आहे, फक्त ती शीट टॅबलेटवर उतरवते आणि कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर चढवते. रिचार्जवाल्याने जागा सोडली, पुढचा भाग पुन्हा आमचा झाला. कोहिमाचे पॅनेल तिथे लावले आहेत, खाली मास्तरांच्या ओळी, आणि त्यांच्याखाली मास्तरांचं नाव. नमुन्यांच्या बिलाचे पैसे त्या कचेरीकडून अजून यायचे आहेत. पत्राची आणि पोचपावतीची प्रत दुकानात आहे, कोणीही येऊन बघावी.