दापोलीतला स्नेहमेळावा: गावात राहिलेल्यांना कामाला लावू नका

दहावी १९९५ची आमची तुकडी. मेळावा कुठे करायचा यावर व्हॉट्सॲपच्या गटावर जी भांडणं झाली तशी शाळेतही कधी झाली नव्हती. लोणावळा झालं, अलिबाग झालं, एकाने गोव्याचं हॉटेलही शोधून टाकलं. शेवटी दापोलीच ठरली ती हिशेबाने. वर्गातले बरेच जण अजून तालुक्यातच आहेत. कुणाची रिक्षा आहे, कुणाची आंब्याची बाग, एक जण हर्णैला बोटीवर, दोघी अंगणवाडीत. रिसॉर्टचा माणशी चार-पाच हजारांचा आकडा पाहून त्यांनी गटावर काही लिहिलं नसतं. ‘जमलं तर येतो’ म्हटलं असतं आणि ते आले नसते.

पण गावात मेळावा ठेवला की दुसरंच काहीतरी होतं. आमच्या पुढच्या एका तुकडीचा मेळावा मी जवळून पाहिला होता. मुंबई-पुण्याचे पाहुणे झाले आणि गावातले मांडववाले. स्टेशनवर गाडी कोण पाठवणार, खुर्च्या कोण आणणार, मासे कोण घेणार, सगळं गावातल्यांच्या गळ्यात. ग्रुप फोटो काढला तेव्हा त्यातले निम्मे आचाऱ्यापाशी उभे होते. म्हणून आम्ही एकच नियम केला. गावातल्या मुलामुलींकडून फक्त माहिती घ्यायची, राबायचं बाहेरून येणाऱ्यांनी. पुण्याचे चौघे शुक्रवारीच पोचले. आचारी आणि मंडपवाला पैसे देऊन ठरवला. गावातल्यांना हे आधी मुळीच रुचलं नाही. “आमच्या गावात येऊन तुम्हीच वाढणार व्हय?” असं ऐकून घ्यावं लागलं. मग तडजोड म्हणून रविवारची न्याहारी एकाच्या वाडीत ठेवली. घावणे, ओल्या नारळाची चटणी आणि गुळाचा चहा. तेवढंच यजमानपण त्यांचं.

तारखेचं सांगतो, कारण तिथेच बहुतेकांचं फसतं. आम्ही जानेवारी धरला. हवा छान असते, पहाटे स्वेटर लागतो. डिसेंबरचा शेवटचा आठवडा नको, खोल्यांचे भाव दुप्पट होतात आणि रस्त्यात कोंडी. फेब्रुवारी-मार्चमध्ये शाळेत बोर्डाच्या परीक्षांची गडबड. मे महिन्यात बागवाल्यांना डोकं वर काढायला वेळ नसतो, आणि शाळाही बंद. गणपतीत आणि शिमग्याला सगळे चाकरमानी आपोआप गावी येतात, तेव्हा वेगळा खर्च कशाला, असं कुणीतरी हमखास सुचवतं. ऐकू नका. तेव्हा माणूस गावात असतो, पण घरचा असतो. पावसाळ्यात लावणी, आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी, म्हणजे हर्णैला जाऊनही हात हलवत परत.

मुंबईकरांनी रेल्वेने खेडला उतरावं. तिथून दापोली तीसेक किलोमीटर, एसटी आहे, वडापच्या गाड्याही आहेत. आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, पहिल्याच दिवशी काढा. गाडीने येणाऱ्यांचा कशेडी घाट बोगद्यामुळे टळतो, मग भरणे नाक्यावरून आत वळायचं. पुणेकरांना ताम्हिणी-माणगाव-मंडणगड बरं पडतं. पाच तास धरा, चहासकट सहा.

शाळेचा कार्यक्रम शनिवारी दुपारी ठेवा. शनिवारी शाळा सकाळची असते, मुलं गेली की वर्ग मोकळे मिळतात आणि कुणाचा तास बुडत नाही. मुख्याध्यापकांना महिनाभर आधी लेखी पत्र द्या. भेटवस्तू काय द्यायची तेही त्यांनाच विचारा. आमच्या गटात डिजिटल फळ्यावर एकमत झालं होतं. शाळेने मागितलं काय, तर मुलींच्या स्वच्छतागृहासाठी पाण्याची टाकी आणि नळजोडणी. तीच दिली. पैसे चेकने, पावती घेऊन.

मुली शोधणं सगळ्यात अवघड. लग्नानंतर आडनावं बदललेली, काहींची नावंही. शाळेच्या जनरल रजिस्टरमधून जुने पत्ते मिळाले. मग एकेकीच्या माहेरी जाऊन भावाकडून, वहिनीकडून नंबर घेतले. हे काम फोनवर होत नाही, कुणीतरी ओळखीचं दारात उभं राहावं लागतं, आणि तेही बाईमाणूस असेल तर बरं. दुसरं म्हणजे मुक्काम सक्तीचा ठेवू नका. कितीतरी जणी दिवसभर आमच्यात आणि रात्री आईकडे झोपायला गेल्या. कितीतरी वर्षांनी सासरचं कुणी सोबत नसताना माहेरी राहायला मिळालं, असं एकीने हसत सांगितलं. तेवढ्यासाठी तरी मेळावा सार्थकी लागला असं मला वाटतं.

बाई-सरांना आणायला गाडी पाठवा आणि त्यांना पहिल्या तासाभरात बोलू द्या. आमच्या गणिताच्या सरांनी खुर्चीत बसूनच हजेरी घेतली. गेलेल्या मित्रांची नावं आली तिथे ते क्षणभर थांबले आणि पुढचा नंबर पुकारला. वेगळा श्रद्धांजलीचा कार्यक्रम आम्ही केला नाही, आणि नंतर कुणाला तो हवासाही वाटला नाही. सत्काराची भाषणं मात्र कापा. शाल, श्रीफळ, झालं. माइक ज्याच्या हातात गेला तो आपण किती मोठे झालो हेच सांगतो, आणि मागच्या बाकावर बसलेला रिक्षावाला उठून तंबाखू मळायला बाहेर जातो. एकसारख्या टी-शर्टांच्या भानगडीतही पडू नका. मापं चुकतात, आणि तेवढ्या पैशांत दोघांची वर्गणी निघते.

संध्याकाळी हर्णै बंदर. बोटी लागतात, वाळूवर मासळीचे ढीग पडतात आणि लिलाव सुरू होतो. चार-साडेचारपर्यंत पोचा. मोठ्या लिलावात आपल्यासारख्याने तोंड घालू नये, बोली कधी संपली तेच कळत नाही. आमचा बोटीवाला मित्र सोबत होता (नियम मोडून, त्याला आवरणं शक्य नव्हतं), पण तो नसेल तर किरकोळ विकणाऱ्या बायकांकडून घ्या. भाव थोडा जास्त पडतो, मासा तोच. चपला जुन्या घाला. आपण घेतलेली मासळी करून देणारी खाणावळ आधी ठरवा, आयत्या वेळी चाळीस माणसांचं ऐकून कुणीही हात जोडतं. शाकाहारींसाठी वालाचं बिरडं सांगून ठेवलं होतं, ते मासे खाणाऱ्यांनीच आधी संपवलं.

सुवर्णदुर्ग समोरच दिसतो. युनेस्कोच्या यादीत २०२५ साली आलेल्या बारा किल्ल्यांपैकी हा एक, त्यामुळे सगळ्यांना जायचं होतं. मी विरोध केला. बोट, भरती-ओहोटी, उतरताना भिजणं, परत सगळ्यांना मोजणं, यात अर्धा दिवस जातो. किल्ला घरच्यांना घेऊन बघा. मेळाव्यात रिकामा वेळ लागतो, कारण जे बोलायचं असतं ते कार्यक्रमपत्रिकेत बसत नाही. आमच्याकडे ते रात्री हर्णैजवळच्या मुरूडच्या किनाऱ्यावर झालं. कुणाचं कर्ज, कुणाचं मोडलेलं लग्न, दहावीत नापास झाल्यावर शाळेकडे जाणारा रस्ताच टाळणारा एक जण. तो पहिल्यांदाच आमच्यात आला होता. त्याला बोलावताना ‘पास’ शब्द असलेली पत्रिका आम्ही बदलली होती. तुम्हीही ‘उत्तीर्ण तुकडी’ वगैरे लिहू नका, ‘त्या वर्षी वर्गात असलेले सगळे’ एवढंच पुरे.

रविवारी आसूदचं केशवराज मंदिर. पोफळीच्या बागेतून उतरायचं, ओढ्यावरचा साकव ओलांडायचा आणि मग पायऱ्या. गुडघे धरून चढलो सगळे. गुडघ्यांचं ऑपरेशन झालेल्या दोघी खाली ओढ्याकाठीच बसल्या, आणि त्यांच्यासोबत बसायला वर जाणाऱ्यांपेक्षा जास्त गर्दी झाली. पाणी आणि काठी सोबत ठेवा, सकाळी नऊच्या आत जा.

वर्गणी दीड हजार ठेवली होती. त्यापुढे ज्याला द्यायचं त्याने द्यावं, पण किती दिले हे फक्त खजिनदाराला माहीत. देणाऱ्यांची यादी गटावर टाकायची नाही, हे आधीच ठरवून घ्या, नाहीतर कमी दिलेले पुढच्या वेळी येत नाहीत. खर्चाचा हिशेब मात्र पावत्यांसकट आठवड्याच्या आत सगळ्यांसमोर टाका.

निघायचं तर रविवारी दुपारी जेवून एकच्या आत. आणखी एक चहा म्हणून थांबलेले आमचे पुणेकर माणगावच्या कोंडीत अडकले आणि घरी पोचायला त्यांना मध्यरात्र झाली.