हिरव्या पुठ्ठ्याचं प्रकरण

मशीन घेऊन आलेला पोरगा भंगारातल्या स्टीलचा ग्रेड तपासणारा होता. म्हणजे त्याचं रोजचं काम एमआयडीसीत, ढिगातला कुठला तुकडा ३०४ आणि कुठला ३१६ हे ते पिस्तुलासारखं एक्सआरएफ मशीन (क्ष-किरण टाकून वस्तूत कुठली मूलद्रव्यं आहेत ते दाखवणारं) टेकवून सांगायचं, आणि मी त्याला बोलावलं होतं दक्षिण मुंबईतल्या एका जुन्या लायब्ररीत पुस्तकांचे पुठ्ठे तपासायला. मॅडम, पुस्तकात मेटल कुठून येणार, असं तो दारातच म्हणाला. म्हटलं ये तर आत.

मी कॉन्झर्वेशनचं काम करते. कसर लागलेली, ओल धरलेली, पाठ निखळलेली पुस्तकं शक्य तितकी आहेत तशी टिकवायची, एवढंच. या लायब्ररीत एकोणिसाव्या शतकातली इंग्रजी पुस्तकं चिक्कार, पण बहुतेकांची मूळ बांधणी कधीच गेलीय, मधे कोणीतरी सरसकट सगळ्यांना रेक्झिन चढवलंय (त्याबद्दल बोलायला लागले तर वेगळा लेख होईल). एक कपाट मात्र त्यातून सुटलं. त्यात १८५०-६० च्या दशकातली, लंडनहून आलेली कापडी बांधणीची पुस्तकं, कविता, बागकाम, भेट द्यायची सचित्र पुस्तकं, वर सोनेरी नक्षी, आणि त्यातली काही इतकी झगझगीत हिरवी की एवढ्या वर्षांत रंग उतरला कसा नाही असं वाटावं, फक्त पाठीकडे तपकिरी पडलेली. आजूबाजूच्या पुस्तकांची कापडं किड्यांनी खाल्लेली आणि ही मात्र जशीच्या तशी. तिथेच मनात पाल चुकचुकली.

कारण या रंगाबद्दल वाचलेलं होतं. अमेरिकेत डेलावेअरच्या विंटरथर म्युझियममध्ये २०१९ ला अशाच एका हिरव्या बांधणीत विषारी आर्सेनिक सापडलं आणि तेव्हापासून ठिकठिकाणच्या लायब्ऱ्या आपापली हिरवी पुस्तकं तपासतायत, २०२४ मध्ये फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयानेही चार पुस्तकं वाचकांपासून लांब ठेवली. रंगाचं नाव एमराल्ड ग्रीन, नाहीतर पॅरिस ग्रीन, केमिस्ट्रीत कॉपर अ‍ॅसिटोआर्सेनाइट. तांबं, आर्सेनिक आणि व्हिनेगरमधलं आम्ल. शेले नावाच्या स्वीडिश केमिस्टने १७७५ मध्येच तांबं-आर्सेनिकचा एक हिरवा काढला होता, १८१४ ला जर्मनीत श्वाइनफुर्टला त्याहून तेजस्वी हा निघाला आणि मग काय, युरोपने तो दिसेल त्याला फासला. वॉलपेपर, कपडे, मेणबत्त्या, टोपीवरची नकली फुलं. लंडनमध्ये १८६१ साली अशी फुलं बनवणारी १९ वर्षांची मटिल्डा शूरर गेली, ती पानांवर ही पावडर भुरभुरायची, शेवटी उलटी हिरवी आणि डोळ्यांचं पांढरंसुद्धा हिरवं. बरं, विष आहे कळल्यावर पावडर बंद झाली का? तर नाही, मग विष म्हणूनच खपायला लागली. १८६७ च्या सुमारास अमेरिकेत बटाट्यावरच्या भुंग्यांना मारायला, आणि पुढे डीडीटी यायच्या आधी मलेरियाच्या डासांच्या अळ्यांवर. धुळीत मिसळून डबक्यावर उडवायची, ती पाण्यात विरघळत नाही, वर तरंगते, आणि अ‍ॅनोफिलीसच्या अळ्या नेमकं पाण्याच्या वरवरचंच खातात. पाण्यात विरघळत नाही पण आम्लात विरघळते, म्हणजे माणसाच्या पोटात गेली की झालंच.

तर मशीन. पोराने सवयीप्रमाणे अलॉय मोड, म्हणजे मिश्रधातू मोजायचा, लावला आणि स्क्रीनवर टक्केवाऱ्या आल्या, ज्याला इथे काही अर्थ नाही, पुठ्ठा म्हणजे धातूची पट्टी नव्हे. म्हटलं ते राहू दे, मला स्पेक्ट्रम दाखव, म्हणजे तो आलेख, ज्यात प्रत्येक मूलद्रव्याची शिखरं, म्हणजेच रेषा, ठरलेल्या ऊर्जेलाच येतात. आठ केईव्हीच्या (हे त्या ऊर्जेचं माप) आसपास तांब्याचं शिखर स्पष्ट. आणि साडेदहा केईव्हीला एक भलं मोठं शिखर, त्यावर मशीनने लेबल लावलेलं शिसं. इथेच फसगत होते. शिशाची मुख्य रेषा १०.५५ ला आणि आर्सेनिकची १०.५४ ला, मशीनला दोन्ही एकच. आणि शिसं असणं अशक्य नव्हतं, क्रोम यलो आणि प्रशियन ब्लू मिसळून केलेला क्रोम ग्रीनही तेव्हा सर्रास वापरायचे, त्यात शिसं असतंच. मग दुसरी रेषा बघायची, शिशाची १२.६ ला येते आणि आर्सेनिकची ११.७ ला. बघितलं तर १२.६ ला सपाट आणि ११.७ ला शिखर. पोरगा म्हणाला, म्हणजे शिसं नाही? म्हटलं नाही, आर्सेनिक. तो दोन पावलं मागे सरकला आणि पुढची सगळी पुस्तकं हात लांब करून तपासली.

सगळी हिरवी विषारी निघाली नाहीत हे आवर्जून सांगते. काहींत शिसं आणि क्रोमियम, म्हणजे क्रोम ग्रीन, एका गडद हिरव्यात तर यातलं काहीच नाही. नुसता डोळ्यांवर भरवसा ठेवून निवड केली असती तर निम्मी चुकली असती.

हे सगळं तिथले जुने शिपाई मामा उभं राहून बघत होते. मूळ मालवणचे, तीस-पस्तीस वर्षं ही कपाटं तेच झाडतायत, पुसतायत. ते म्हणाले, या हिरव्यांना कसर लागत नाही हे मला कधीचं माहितीय. बरोबरच आहे, आपल्याकडे पोथ्यांना हरताळ, ते पिवळं खनिज, लावायचे ना, तेही आर्सेनिकच, गंधकाबरोबरचं. पण मला धडकी भरली ती वेगळ्याच कारणाने, मामांना जिभेला बोट लावून पान उलटायची सवय. हा रंग कापडावर नीट धरून बसत नाही, बोटाला, शेजारच्या पुस्तकाला लागतो, धुळीत मिसळतो. एकदा हात लावून कोणी मरत नाही, पण वर्षानुवर्षं थोडं थोडं पोटात गेलं तर तळहात-तळपाय जाड आणि खरखरीत होतात, अंगावर काळे-पांढरे ठिपके येतात, हातापायांना मुंग्या येतात आणि पुढे कातडीचा, फुफ्फुसाचा, मूत्राशयाचा कॅन्सरसुद्धा.

डॉक्टरांनी मामांचे तळवे बघितले, नखांवर आडवे पांढरे पट्टे आहेत का बघितलं, काही नव्हतं. मग लघवीची तपासणी लिहून दिली आणि वर अट, आधी चार-पाच दिवस मासे बंद. कारण मासे-कोळंबीतही आर्सेनिक असतं, ते शरीराला निरुपद्रवी, पण साध्या टेस्टमध्ये दोन्ही एकत्रच मोजलं जातं आणि आकडा उगाच फुगतो. मामा उखडलेच. "मॅडम, मासे सोडूक सांगू नकात, दुसरा काय पण सांगा!" शेवटी मामींना फोन केला तेव्हा जमलं.

दरम्यान कमिटीतल्या एका गृहस्थांनी सुचवलं की ही ब्याद जाळून टाका. अहो, तापवलं की आर्सेनिकची वाफच होणार, सगळ्या गल्लीला. रद्दीत देणं तर त्याहून वाईट, तिथून ती वडापावच्या गाडीवर पोचायची. आणि ओलीत ठेवूनही चालत नाही, अशा रंगावर बुरशी चढली की काही बुरश्या त्यातून लसणाच्या वासाचा विषारी वायू सोडतात, गोझिओ नावाच्या इटालियन डॉक्टरने हे १८९० च्या दशकातच दाखवलंय, आणि मुंबईचा पावसाळा तर तुम्हाला माहितीच आहे. म्हणून प्रत्येक पुस्तक झिपच्या जाड पिशवीत, वर लेबल, कपाट कोरड्या खोलीत, हाताळताना नायट्रिलचे ग्लोव्ह्ज, टेबल कडक पृष्ठभागाचं आणि नंतर ओल्या फडक्याने पुसायचं, कोरडा झाडू अजिबात नाही.

मामांचा रिपोर्ट नॉर्मल आला. अर्थात लघवीत फक्त गेल्या काही दिवसांचं कळतं, त्यामुळे नखांची टेस्टही करायला सांगितलीय. ग्लोव्ह्ज ते आता न चुकता घालतात, आणि पान उलटताना ग्लोव्ह्जचं बोट जिभेला लावतात. त्या कपाटाची किल्ली मी माझ्याकडे घेतलीय.