सासवडचा मुक्काम आणि माझं थांबणं

धंदा बंद केला, मशीन विकून देणी फेडली, आणि त्याच वर्षी आई गेली. त्यानंतर बरेच महिने कुणीही भेटलं की एकच प्रश्न, मग आता पुढे काय? आणि मी म्हणायचो बघतोय. रिकामं बसल्याची इतकी लाज वाटायची की उगाच बाहेर पडून फिरत बसायचो. ओळखीतले एक काका ज्ञानेश्वर माऊलींच्या पालखीत रथामागच्या दिंडीत चालतात, ते म्हणाले यंदा चल आमच्याबरोबर, बाकीचं नंतर बघू.

आळंदी ते पंढरपूर म्हणजे सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, त्यामुळे सगळ्यांच्या डोळ्यासमोर चालणंच येतं. पण वारीत थांबणं सुद्धा तेवढंच ठरलेलं असतं हो. सकाळचा विसावा, दुपारचा नैवेद्य आणि जेवण, संध्याकाळी तळ. पुण्यात दोन मुक्काम, सासवडला परत दोन. रथ थांबला की एवढा मोठा समुदाय जागच्या जागी बसतो, कुणी झाडाखाली आडवं होतं, कुणी धोतर वाळत घालतं, आणि आपण मागे पडलो असं कुणाच्या मनातही येत नाही.

पुणे ते सासवड हा सगळ्यात लांबचा टप्पा, त्यात एकादशीचा उपास. वडकीला विसावा झाला आणि मग दिवे घाट. घाटात माऊलींच्या रथाला जादा बैलजोड्या लावतात, नेहमीच्या जोडीवर तो चढ टाकत नाहीत. मी ते बराच वेळ बघत होतो. माऊलींच्या रथाला सुद्धा चढाला जास्तीचे बैल लागतात, मग मी एवढे महिने सगळं एकट्याने ओढत होतो ते कशासाठी, भावाला साधा फोनही केला नव्हता.

सासवडला पोचलो तेव्हा टाचेला मोठे फोड आलेले. दिंडीतल्या एका मावशींनी सुई-दोरा घेऊन पाणी काढलं, दोरा आतच ठेवला आणि म्हणाल्या, "माऊली, उद्या चालायचं नाहीये, उद्या पाय वर करून झोपायचं." मी खरंच झोपलो. दुपारी माऊलींचे धाकटे भाऊ सोपानकाका यांच्या समाधीचं दर्शन घेतलं, कपडे धुतले, परत पालात येऊन पडलो. कित्येक महिन्यांनी दिवसाढवळ्या झोपलो आणि कसं तरी वाटलं नाही, कारण आजूबाजूला सगळेच पडलेले, सत्तरीचे आजोबा पण आणि कॉलेजची पोरं पण.

मला सगळ्यात जास्त आवडली ती तळावरची समाजआरती. सगळ्या दिंड्या पालखीभोवती उभ्या राहतात, टाळ चालू असतात, चोपदार चोप, म्हणजे हातातला दंड, वर करतात आणि एका क्षणात सगळं शांत. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती तेवढी टाळ वाजवत राहते, मग चोपदार तिथे जाऊन ऐकून घेतात. हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारतात, उद्या किती वाजता निघायचं ते सांगतात, मग आरती. रोजच्या रोज! म्हणजे दिवसभराचं दुखलं-खुपलं, हरवलं-गवसलं तिथेच काढायचं आणि मगच पुढचं बोलायचं. माझ्या घरी आई गेल्यावर आम्ही कुणीच टाळ वाजवत राहिलो नाही, सगळे एकदम गप्प झालो आणि कामाला लागलो.

दुसरं म्हणजे वीणा. गावाकडच्या सप्ताहात पहारा असतो, वीणा खाली टेकवत नाहीत, एकाचा पहारा संपला की दुसरा उभा राहतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात आणि वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते. दिंडीतही आमचे विणेकरी बुवा दमले की तसंच. ज्याने वीणा दिली तो निवांत मागे चालतो, त्याला कुणी म्हणत नाही की तू का सोडलीस. मला हे आधी कुणीतरी दाखवायला हवं होतं असं फार वाटलं.

पुढे जेजुरी, वाल्हे करत नीरेला पादुकांचं स्नान झालं, लोणंदला तळ पडला. तिथून भावाला फोन केला आणि सगळं सांगितलं, पैशाचं पण आणि आईचं पण, दोघंही रडलो. त्याला म्हटलं, आल्यावर लगेच नवीन काही सुरू करणार नाही, सध्या एखादी नोकरी धरतो, बाकी दिवाळीनंतर बसून ठरवू. तो म्हणाला, चालेल, आधी पंढरपूरला पोच आणि माझा पण नमस्कार सांग.