ब्यासकुंडला एप्रिलमध्ये जाताय? आधी शेवटचा बर्फ कधी पडला ते विचारा

कोल्हापूर ते मनाली प्रवासावर वेळ घालवत नाही, निजामुद्दीनची आठवड्याची गाडी, पुढं दिल्लीहून रात्रीची बस, झालं. पहिले दोन दिवस निवांत गेले. सांगायचंय ते ब्यासकुंडच्या (मनालीच्या वरचं डोंगरातलं कुंड) वाटेवर बकरथाच या कुरणाच्या पुढच्या एका उताराचं.

आम्ही चौघं, पन्हाळा-पावनखिंड दोनदा केलेले, त्यामुळं पायांचा प्रश्न नव्हता. बुकिंगवाला फोनवर म्हणाला, "सर, कालच दोन फूट ताजा बर्फ पडलाय, आता कडक ऊन, तुमचं नशीब लई भारी." आम्ही येडे खूश! भावांनो, हे वाक्य ऐकलं की तिथंच थांबा, कारण जोरात बर्फ पडून गेल्यावरचे पहिले २४ ते ४८ तासच हिमस्खलनासाठी (उतारावरचा बर्फ सुटून खाली येणं) सगळ्यात वाईट असतात आणि त्यात एप्रिलचं ऊन लागलं की वरचा थर ओला होऊन जड होतो.

ट्रेक जिथून सुरू होतो त्या धुंदीहून पहाटे चारला, बर्फ गोठलेला असतानाच निघायला पाहिजे होतं, मॅगी-चहाच्या नादात साडेसात झाले. अकराच्या सुमारास उन्हातल्या उतारावरून बर्फाचे छोटे गोळे आपोआप गडगडत यायला लागले, मी व्हिडिओ काढत बसलो, आणि तेवढ्यात पायाखाली 'धप्प' असा दबका आवाज होऊन सगळा बर्फ बोटभर खाली बसला, म्हणजे आतला कच्चा थर खचला. पोटात गोळाच आला.

गाईड स्थानिक, कमी बोलणारा. वरचा थर खालच्याला धरून आहे का बघायला त्यानं बाजूच्या छोट्या उताराला फावड्यानं कमरेएवढा खड्डा खणला, हातभर रुंदीचा खांब सुटा केला आणि त्यावर फावडं ठेवून थापा मारायला लागला, आधी मनगटातून दहा, मग कोपरातून. तेराव्या थापेला वरचा जाड थर पाटासारखा सरकून त्याच्या मांडीवर आला. खालचा बर्फ मुठीत घेतला तर साखरेसारखा सुटा, गोळाच होईना. समोरचा उतार मोबाईलवर मोजला, ३६ अंश. बहुतेक हिमस्खलनं ३० ते ४५ मध्येच सुटतात. तो म्हणाला परत, आम्ही परत. कुंड बघितलंच नाही.

रात्री चिडचिड झाली, खोटं कशाला बोलू. पण ४ ऑक्टोबर २०२२ ला उत्तराखंडात द्रौपदी का डांडा शिखरावर हिमस्खलनात गिर्यारोहण शिकणारी पोरं आणि त्यांचे प्रशिक्षक गाडले गेले, तिथं आपली काय कथा.

चंदीगडची डीजीआरई ही डीआरडीओची संस्था हिमस्खलनाचं बुलेटिन काढते, धोक्याच्या १ ते ५ पातळ्या असतात, ३ दिसली तरी तारीख पुढं ढकला. बीकन (गाडलेला माणूस शोधायचं सिग्नलचं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं ग्रुपमध्ये आहे का विचारा, गाडलेल्या माणसाकडं दहा-पंधरा मिनिटंच असतात, मदत खालून येईपर्यंत खेळ संपलेला असतो. आमच्याकडं फावडं एकच होतं, तेही गाईडचं स्वतःचं.

आणि बर्फावर घसरू नये म्हणून बुटाला लावायचे स्पाइक्स! दिवसाला ४०० घेतले, चार दुकानं पुढं तेच २०० ला. ट्रेक अर्धा राहिला म्हणून रिफंड मागितला तर बुकिंगवाला म्हणतो, वेदर तर क्लिअर होतं ना सर.