एका सहीसाठी अख्खा पावसाळा

महाबळेश्वर ते पाचगणी हे अंतर वीस किलोमीटरच्या आतबाहेर, पण पावसाचा फरक विलक्षण. माथ्यावर वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पडतो आणि पूर्वेकडे उतरावं तसतसा झपाट्याने आटतो. मी वाईची, हे लहानपणापासून बघत आलेय. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षानंतर ठरवलं, की हा फरक रोजच्या आकड्यांत मांडायचा. गुण मिळणार नव्हते, कुणी सांगितलंही नव्हतं.

हवामान विभागाची १९०१ पासूनची चौकटीवार पर्जन्यनोंद (नकाशाचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनाला रोजचा एकच आकडा) मोफत उतरवून घेता येते. ती पायथन या प्रोग्रामिंग भाषेत उघडायला एक संध्याकाळ पुरली. पण चौकट अक्षांश-रेखांशाच्या पाव अंशाची, म्हणजे साधारण सत्तावीस किलोमीटरची, आणि महाबळेश्वर-पाचगणी दोन्ही एकाच चौकटीत! मला मोजायचा होता तो फरकच त्यात विरून गेलेला. म्हणजे प्रत्यक्ष केंद्रांच्या नोंदी हव्यात, आणि त्यासाठी एका कार्यालयाकडे अर्ज.

अर्जात एक रकाना होता: ‘मार्गदर्शकाची सही व शिक्का’. मला मार्गदर्शक नव्हते. तिथे ‘स्वतंत्र प्रकल्प’ लिहिलं. दोन आठवड्यांनी अर्ज ‘अपूर्ण’ म्हणून परत. विभागप्रमुखांकडे गेले, तर म्हणाले, "अभ्यासक्रमात नाही, मी सही कशावर करू?" मग स्वतःच एसटीने कार्यालयात गेले. ते टेबल रजेवर. पुढच्या खेपेला, "ताई, सहीशिवाय फाइल पुढे जात नाही." आधीच्या अर्जाची पोच दाखवा म्हणाले, ती मी घेतलीच नव्हती. प्रत्येक खेपेला दिवस मोडायचा, आणि बाहेर मला मोजायचा होता तोच पाऊस पडून जात होता. मला अजूनही याचा राग येतो. भर पावसात रोज सकाळी साडेआठला कुणीतरी पर्जन्यमापकापाशी जाऊन तो आकडा लिहिलाय. तो वाचू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यासाठी अर्जात एक ओळ असू नये?

शेवटी आमच्या भौतिकशास्त्राच्या मॅडमनी माझी वही अर्धा तास चाळली. "हवामानातलं मला फारसं कळत नाही, पण काम मनापासून केलंयस," म्हणाल्या आणि सही केली. मी बाहेर येऊन जिन्यात रडले. त्यानंतर नऊ दिवसांत नोंदी हातात.

तेव्हा सही आधी मिळवा, अर्ज नंतर लिहा. विषय शिकवणारेच हवेत असं नाही. पत्रावर महाविद्यालयाचा जावक क्रमांक घाला आणि केंद्रांची नावं, वर्षं नेमकी लिहा. ‘गेल्या काही वर्षांचा पाऊस’ लिहिल्यामुळे माझा एक अर्ज वेगळाच परत आला होता. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

आणखी एक, हे आधीच सांगायला हवं होतं. केंद्राच्या नोंदीत १२ तारखेचा पाऊस म्हणजे ११च्या सकाळी साडेआठपासून १२च्या साडेआठपर्यंतचा. हे न कळल्यामुळे माझी स्वतःची मोजणी आणि केंद्राचे आकडे महिनाभर जुळत नव्हते, कारण मी रात्री बारापासून मोजत होते. माझं गच्चीवरचं नरसाळं २० सेंटिमीटर व्यासाचं आहे. त्यात ३१.४ मिलिलिटर पाणी म्हणजे १ मिलिमीटर पाऊस. आता मीही साडेआठलाच मोजते. वहीत महाबळेश्वर, पाचगणी आणि वाई असे तीन रकाने आहेत.