कृष्णेच्या काठाने वर: सांगली ते सातारा, कास, शिवसागर आणि आदर्कीचा घाट

सांगलीची माणसं पुण्या-मुंबईला निघाली की रात्रीची महालक्ष्मी धरतात, नाहीतर हायवेने जातात. मिरज-पुणे लोहमार्गाचा सगळ्यांत देखणा भाग त्यामुळे आपल्याच लोकांनी दिवसाउजेडी पाहिलेला नसतो. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मुद्दाम सकाळची कोयना एक्सप्रेस घेतली. आम्ही दोघं, लेक आणि कसबे डिग्रजची माझी आत्या. साताऱ्याला मुक्काम केला, कास आणि बामणोली पाहिली आणि येताना लोणंदपर्यंत जाऊन आदर्कीचा रेल्वेघाटही बघून आलो. ज्यांना हाच बेत करायचा आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी तिकिटाचं. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं आणि दिवाळीच्या आठवड्यातल्या जागा फार लवकर संपतात. सेकंड सिटिंगच घ्या. एसी डब्यात काच बंद असते, वंदे भारतचंही तेच. लवकर पोहोचायचं असेल तर त्या गाड्या चांगल्या आहेत, पण या प्रवासाला उघडी खिडकी हवी. सांगलीहून जाताना डावीकडे बसा. सह्याद्री आणि कृष्णा त्याच बाजूला राहतात, आणि सकाळचं ऊन उजवीकडून येत असल्यामुळे डोळ्यांवर येत नाही. या मार्गावर कधीकधी कामासाठी ब्लॉक असतो. निघायच्या आदल्या रात्री आणि सकाळी, दोन्ही वेळा गाडीची स्थिती तपासा.

सांगली ते कराड हा पट्टा सपाट आहे, म्हणून लोक तिथे झोपतात. झोपू नका. नांद्र्याच्या पुढे येरळेचा पूल लागतो. मग भिलवडी आणि त्यानंतर किर्लोस्करवाडी. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली इथल्या माळावर कारखाना आणि वसाहत उभी केली, तेव्हा हे स्टेशन कुंडल रोड नावाने ओळखलं जाई. ते कुंडल म्हणजे प्रतिसरकारचं, नाना पाटलांनी इंग्रजांविरुद्ध चालवलेल्या समांतर सरकारचं कुंडल. ताकारीला उजव्या अंगाला सागरेश्वरचे डोंगर दिसतात. थोडं पुढे शेणोली आहे. ७ जून १९४३ रोजी प्रतिसरकारच्या तुफान सेनेने इंग्रज सरकारची पगाराची रेल्वेगाडी इथेच अडवून लुटली. कॅप्टन भाऊ (रामचंद्र लाड) आणि जी. डी. बापू लाड यांच्या माणसांनी ते पैसे चळवळीसाठी आणि गोरगरिबांसाठी वापरले. आत्याने लेकीला ही सगळी हकीकत शेणोली मागे पडेपर्यंत सांगितली. समोरच्या बाकावरचे एक गृहस्थ वर्तमानपत्र घडी करून ऐकत बसले. मुलं बरोबर असतील तर ही गोष्ट तयार ठेवा. पुस्तकात वाचणं वेगळं आणि त्याच रुळांवरून जाताना ऐकणं वेगळं.

दिवाळीत उसाला तुरे आलेले असतात आणि कारखाने सुरू होण्याच्या बेतात असतात. कराडचं स्टेशन गावापासून लांब, ओगलेवाडीला आहे. कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम आणि यशवंतराव चव्हाणांची समाधी बघायची असेल तर कराडला उतरून वेगळा अर्धा दिवस द्यावा लागतो. आम्ही तो पुढच्या वेळेसाठी राखून ठेवला.

मसूर, तारगाव, रहिमतपूर करत गाडी कोरेगावला येते आणि इथून डोंगर जवळ येतात. कोरेगावकडून माहुलीकडे जाताना जरंडेश्वराचा डोंगर बराच वेळ उजवीकडे सोबत करतो. एवढ्या वेळापुरतं उजव्या खिडकीशी जाऊन उभं राहा. सातारा स्टेशन माहुलीजवळ आहे, म्हणजे शहरापासून बाहेर. रिक्षाचं भाडं बसण्यापूर्वीच ठरवा. स्टेशनवर उतरल्यावर सरळ शहरात पळू नका, आधी संगम माहुलीला जा. कृष्णा आणि वेण्णा इथे भेटतात. दगडी घाट आहेत, जुनी देवळं आहेत. रामशास्त्री प्रभुणे इथलेच. नदीच्या घाटावर वाढलेल्या सांगलीकराला इथे अगदी घरच्यासारखं वाटतं, फक्त पात्र लहान असतं.

साताऱ्यात राहायचं तर पोवई नाका किंवा बसस्थानकाच्या आसपास राहा. कास-बामणोलीची एसटी बसस्थानकावरून सुटते आणि तिच्या फेऱ्या मोजक्या आहेत. जाणारी वेळ सगळेच विचारतात. तुम्ही परतीची शेवटची गाडी कधी आहे तेही विचारून घ्या. बरोबर वयस्कर माणूस असेल तर दिवसभराची गाडी ठरवणं शहाणपणाचं. आम्ही तेच केलं आणि त्यामुळे यवतेश्वरच्या घाटात हवं तिथे थांबता आलं.

हा रस्ता डोंगराच्या धारेवरून जातो आणि दोन्ही बाजूंना पाणी दिसतं. उजव्या हाताला वेण्णेच्या खोऱ्यात कण्हेर धरण, डाव्या हाताला उरमोडीचा जलाशय. ज्या जागी दोन्ही दिसतात तिथे गाडी सावकाश चालवायला सांगा. आमच्या चालकाला मात्र सांगावं लागलं नाही. एरवी गप्प असणारा तो माणूस, तिथे आपणहून थांबला.

कासला दिवाळीत जाणाऱ्यांनी एक गोष्ट मनाशी पक्की करून जावी: फुलं संपलेली असतात. फुलांचा हंगाम साधारण ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत असतो आणि त्या काळात आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर कासचा जागतिक वारशात समावेश झाल्यापासून फुलांच्या शनिवार-रविवारी गर्दी फार असते. दिवाळीत पठारावर पिवळं गवत आणि वारा. माझ्या मते पठाराजवळच्या कास तलावासाठी हाच काळ उत्तम. तलाव भरलेला, काठची झाडी गर्द, माणसं कमी. सातारा शहराला या तलावाचं पाणी पंपाशिवाय, केवळ उताराने मिळत आलं आहे. गावाच्या पिण्याचं पाणी आहे हे लक्षात ठेवून काठावर प्लास्टिकचा एक तुकडाही मागे ठेवू नका. आम्हाला तिथे वेफर्सची पाकिटं दिसली, ती लेकीने उचलून पिशवीत भरली.

कासवरून बामणोली उतारावर आहे. शेवटच्या वळणानंतर शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, दिसतो. या पाण्याबद्दल सांगलीकरांशी थोडं जास्त बोलायला हवं. आपण कोयना धरण ओळखतो ते ऑगस्टमधल्या आकड्यांवरून. कोयनेतून किती क्युसेक सोडले, आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर आलं, ४० ला इशारा, ४५ ला धोका. २००५ आणि २०१९ चे पूर ज्यांच्या घरात शिरले, त्यांच्यासाठी कोयना हे भीतीचं नाव आहे. आत्याच्या डिग्रजच्या घरात दोन्ही वेळा पाणी आलं होतं. बोटीच्या धक्क्यावर उभी राहून ती म्हणाली, "हेच व्हय गं ते पाणी? किती शांत बसलंय." मग बोटीत चढताना तिने वाकून ओंजळभर पाणी घेतलं आणि डोळ्यांना लावलं.

धरणाच्या साठ्याचा १०५ टीएमसी (अब्ज घनफूट) हा आकडा धक्क्यावर उभं राहिल्यावरच नीट समजतो. दोन्ही बाजूंना जंगल उतरत आलेलं आणि मधे दूरवर वळत गेलेलं पाणी. याच पाण्यावर पोफळीची वीज तयार होते. याच पाण्याखाली कोयना, सोळशी आणि कांदाटी खोऱ्यांतली गावं गेली. कित्येकांना जिल्ह्याबाहेर जावं लागलं, काही वरच्या उतारावर सरकले. पलीकडच्या गावांना आजही होडी हीच वाट आहे. नावाड्याशी बोला. तो शाळेचं, दवाखान्याचं, बाजाराचं सांगतो, आणि त्यानंतर समोरचा तलाव निव्वळ देखावा उरत नाही.

बोटीचं भाडं माणशी नसून बोटीमागे असतं आणि दरफलक लावलेला असतो. चार-पाच जण एकत्र गेलात तर परवडतं, दोघंच असाल तर धक्क्यावर दुसरं कुटुंब जोडीला शोधा. तापोळ्याजवळचा त्रिवेणी संगम वयस्कर माणसांना सोयीचा. वासोटा किल्ल्याला जायचं तर वनखात्याची परवानगी लागते, पहाटे निघावं लागतं आणि पावसाळ्यात तो बंद असतो. लाइफ जॅकेट मागून घ्या आणि पूर्ण वेळ अंगावर ठेवा, नावाडी कितीही सवयीचा असला तरी. जेवणाची ऑर्डर बोटीत बसण्यापूर्वी द्या, म्हणजे आल्यावर गरम भाकरी मिळते. रोख पैसे ठेवा आणि नेटवर्कवर भरवसा ठेवू नका. मे महिन्यात मात्र इथे येऊ नका. पाणी खूप खाली गेलेलं असतं आणि काठ उघडे पडतात.

आता आदर्कीच्या घाटाकडे. सांगलीहून साताऱ्याला उतरून परत जाणाऱ्यांना हा घाट दिसतच नाही, कारण तो साताऱ्याच्या पुढे आहे. म्हणून परतीच्या दिवशी आम्ही आधी उलट्या दिशेने गेलो. दुपारच्या सुमाराला मुंबईकडे जाणारी कोयना घेतली आणि लोणंदला उतरलो. वाठारपर्यंत चढ, डावीकडे चंदन-वंदन किल्ल्यांची जोडी. आदर्कीनंतर गाडी बोगदे आणि वळणं घेत सालप्याकडे उतरते. वळणावर आपल्याच गाडीचं इंजिन खिडकीतून दिसतं. कृष्णेचं खोरं संपून नीरेचं सुरू होतं ते इथे. झाडं विरळ होतात, मातीचा रंग बदलतो, हवा कोरडी होते. बामणोलीचं जंगल पाहून आल्यावर हा फरक फार ठळक दिसतो. एकाच जिल्ह्यात एवढा फरक आहे हे आमच्या लेकीला नकाशावरून कधीच पटलं नसतं.

लोणंदला जेवण केलं आणि दुपारी कोल्हापूरकडे जाणारी कोयना धरली. तिचं सांगलीपर्यंतचं तिकीट आधीच काढून ठेवलं होतं. दोन गाड्यांमध्ये साधारण दीड-दोन तास मिळतात. मुंबईकडे जाणारी गाडी तासाभराहून जास्त उशिरा असेल तर लोणंदचा नाद सोडा, वाठारलाही जाऊ नका. साताऱ्यातच थांबून पेढे घ्या आणि तिथूनच परतीची गाडी पकडा. त्यासाठी परतीच्या आरक्षणात चढण्याचं स्टेशन वेळेत साताऱ्यावर बदलून घ्यावं लागतं. कोरेगावचा वाघ्या घेवडा घरी न्यायचा असेल तर तोही साताऱ्याच्या बाजारात मिळतो. त्याला भौगोलिक मानांकन आहे, चव खरोखर वेगळी आहे. परत येताना सह्याद्री उजवीकडे असतो, म्हणून जागा उजवीकडच्या मागा. कराडपासून पुढे मावळतीचं ऊन त्याच खिडकीतून थेट तोंडावर येतं, तेव्हा मुलांसाठी टोपी हाताशी असू द्या. दिवस मावळला की गार वारा सुटतो, त्यामुळे आजी-आजोबांची शाल बॅगेत वरच ठेवा.